मानपत्रात गट नंबर

आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरात ‘मानपत्र’ नावाची एक फाईल आहे. बारा-तेरा वर्षं झाली असतील तिला. कुणी गुरुजी रिटायर होवोत, कुणाचा पोरगा फौजदार होवो नाहीतर कुणी बिनविरोध सरपंच होवो, ती फाईल उघडायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचा आणि प्रिंट मारायची. ‘आपल्या कार्याचा सुगंध कस्तुरीप्रमाणे चोहीकडे दरवळत आहे’ हे वाक्य मी आजवर किती जणांना चिकटवलं, हिशेब नाही. एकदा तर एका गुरुजींच्या मानपत्रात आधीच्या पैलवानाची ‘लाल मातीत घडलेला देह’ ही ओळ तशीच राहून गेली. गुरुजींनी स्टेजवर ती ऐकली, पोटावरून हात फिरवला आणि फ्रेम बगलेत मारून घरी गेले. आजतागायत बोलले नाहीत.

सांगायचा मुद्दा, मानपत्र कुणी वाचत नाही असं माझं पक्कं मत होतं. गेल्या डिसेंबरात ते मोडलं.

नोव्हेंबरच्या शेवटी आमचे वकीलसाहेब दुकानात आले. तालुक्यातल्या चार-दोन संघटनांनी वर्गणी काढून मानवी हक्क दिनाला, म्हणजे १० डिसेंबरला, गावोगाव खपणाऱ्या तिघांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. तीन मानपत्रं, तीन स्मृतिचिन्हं, दहा बाय आठचा एक फ्लेक्स, दोनशे पत्रिका. “दर बघून लाव, वर्गणीचं काम आहे,” म्हणाले. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात, फक्त वकीलसाहेबांच्या बाबतीत ते खरं असतं.

फ्लेक्सवर खाली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम टाकायचं होतं. ‘सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत’ असं काहीतरी. मी टाईप करत असताना वकीलसाहेब चहा पीत मागं उभे. म्हणाले, या वाक्याची गंमत ठाऊक आहे का तुला? इंग्रजी मसुद्यात आधी ‘ऑल मेन’ असं होतं. आपल्याकडच्या हंसा मेहता त्या आयोगावर होत्या. त्या अडून बसल्या की पुरुष म्हणजेच माणूस असं धरून चालणार नाही, म्हणून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं. पॅरिसला १० डिसेंबर १९४८ ला ते मंजूर झालं, कलमं तीस.

मला ही गोष्ट फार आवडली. म्हणजे अख्ख्या जगाच्या कागदाचं प्रूफ एका बाईनं तपासलं होतं. मी लगेच बोटं मोजली. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. तिथून पॅरिसच्या त्या कागदापर्यंत ८४ दिवस. आमच्याकडं तेव्हा रझाकारांची भीती नुकती विरत होती, आणि तिकडं माणसाच्या हक्काची कलमं लिहून होत होती. वकीलसाहेब म्हणाले, हे भाषणात घेतो. घेतलंही, माझं नाव न सांगता.

आता मानपत्रं. मी आपली जुनी फाईल उघडली, कस्तुरी दरवळवली आणि प्रूफं व्हॉट्सॲपवर पाठवली.

पहिला फोन आला तो ताईंचा. ताई ऊसतोड करतात. त्या आणि त्यांचा नवरा मिळून एक ‘कोयता’. आपल्याकडं माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. दोघांची उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, एकत्र, हिशेब एकत्र. मुकादमानं उचलीच्या वसुलीसाठी बायकापोरं अडवून ठेवली की ताई पोलीस ठाण्यात जाऊन बसतात, उठत नाहीत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, घरोघर सर्वेक्षण झालं. ८२,३०९ बायकांची विचारपूस झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या भागात बाया तेव्हा दार लावून घ्यायच्या, नवरा जवळ असला की काही बोलायच्या नाहीत. ताई प्रत्येकीला आधी स्वतःचं सांगायच्या. मग ती बोलायची.

तर अशा बाईला मी ‘अबला महिलांचा आधारवड’ लिहिलं होतं. त्यांच्या पोरीनं त्यांना वाचून दाखवलं असणार. ताईंचा व्हॉइस मेसेज आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज:

“दादा, ते अबला काढा. अबला कोन हाय हितं? पाटं तीनला उठून थंडीत मोळी डोक्यावर घेती ती? अन् समाजसेविका पन काढा. मी कुनाची सेवा करीत न्हाई. ज्याचं त्याचं हाय ते मागती.”

अबला काढलं. आधारवडही काढला, कारण अबला गेल्यावर तो नुसताच उभा राहत होता. मग पान निम्मं रिकामं झालं. तिथं काय टाकायचं विचारलं तर म्हणाल्या, माझ्यासंगं ज्या ठाण्यात बसल्या त्यांची नावं टाका. बावीस नावं निघाली. अक्षर दहा पॉइंटवर आणावं लागलं, पण बसली.

दुसरा सत्कार एका तरुण पोराचा, जो बालविवाह थांबवतो. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं, असं केंद्राच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. परभणीत तर ४८ टक्के. हे पोरगं १०९८ ला फोन लावतं, ग्रामसेवकाला उठवतं, मांडवात जाऊन उभं राहतं. मानपत्रात काही बदल सांगितला नाही. फक्त म्हणालं, फ्लेक्सवरचा माझा फोटो काढा. स्टँडवर तो लागला तर पुढच्या लग्नात मला वऱ्हाडी म्हणून घुसता येणार नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात फ्लेक्सवरून फोटो काढा म्हणणारा हा पहिला इसम. फोटो लहान का झाला, वर का नाही, साहेबांच्या उजव्या हाताला का नाही, यावरून मात्र हाणामाऱ्या पाहिल्यात.

तिसरे मामा. मामांचं मानपत्र हा या लिखाणाचा खरा विषय, आणि त्यासाठी आधी गायरानाचं सांगावं लागेल. तालुक्याच्या बाहेरच्या वाचकांना त्याची कल्पना नसते.

गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. आमच्या बालाघाटच्या डोंगरात ती बहुतेक खडकाळ, माळाची. ज्यांच्या नावावर वीतभर रान नाही अशा दलित कुटुंबांनी ती फोडली, दगड वेचले, बाजरी-हुलगे पेरले. गावाला ते रुचलं नाही. उभ्या पिकात जनावरं सोडणं, औत मोडणं, दुकानातून सामान बंद करणं, हे सगळं झालं. बीड जिल्ह्यात या लोकांच्या मागं ॲडव्होकेट एकनाथ आवाड उभे राहिले, लोक त्यांना जिजा म्हणायचे. पोतराजाचा मुलगा, वकील झाला आणि मानवी हक्क अभियान काढून गावोगाव गायरानधारक उभे केले. २०१५ ला ते गेले. मामा त्यांच्या पहिल्या माणसांपैकी.

सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ ला निर्णय काढला, की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायची. १४ एप्रिल ही तारीख का, ते सांगायला नको. पण मेख अशी की त्या काळात जमीन तुमच्या ताब्यात होती हे सिद्ध कसं करणार? सातबाऱ्यावर तर ‘सरकार गायरान’ लिहिलेलं. मग उरतो तो गाव नमुना १-ई. ही तलाठ्याकडची अतिक्रमणांची नोंदवही. तुमच्यावर अतिक्रमण केलं म्हणून कारवाई झाली, दंड झाला, तर तिथं नोंद होते. म्हणजे गुन्ह्याची नोंद हाच हक्काचा पुरावा.

दंड चुकवणारी माणसं मी रोज पाहतो, मीही त्यातलाच. पण १९८७-८८ साली मामा आणि त्यांचे सोबती तलाठ्याच्या मागं लागायचे की आम्हाला दंड करा. तलाठी टाळायचा. कारण दंड केला की नोंद आली, आणि नोंद आली की गावातले मोठे लोक त्याला धरणार. शेवटी एकानं केला. अकरा रुपये. मामा ती पावती घेऊन घरी आले तर मामीनं त्यांना ओवाळलं. हे मामा स्वतः सांगतात आणि दर वेळी हसतात.

ती पावती मी पाहिली आहे. युरियाच्या रिकाम्या गोणीत मामांचं दप्तर असतं. गोणीच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडका. अकरा रुपयांची पावती चार घड्यांवर फाटलीय, मागून पोलीस खात्याच्या जुन्या समन्सचा तुकडा चिकटवलाय. त्या समन्सचीही गरज होती म्हणून तो फेकला नाही, एकाच कागदाच्या दोन बाजूंनी दोन पुरावे केले. तक्रारींच्या पोचपावत्या, पीक तुडवल्याचा पंचनामा, धरण्याला बसल्याच्या निवेदनावरचा आवक-जावकचा शिक्का. झेरॉक्सला आले की मामा काचेवर कागद स्वतः ठेवतात. मला हात लावू देत नाहीत.

जमीन अजून नावावर झालेली नाही. मधल्या काळात हवा उलटी फिरली. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हणून निकाल दिला. त्यात सरकारी निर्णयाखाली भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्ट्यानं दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलाय, पण तो अपवाद खाली झिरपेपर्यंत आटून जातो. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाचा गायरानं मोकळी करण्याचा आदेश आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्या नोटिसांचे कोरे फॉर्म एका कार्यालयासाठी मीच छापले होते. तीनशे प्रती, सत्तर जीएसएम. त्यातला एक मामांच्या गोणीत आहे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आमच्या प्रेसचं नाव आहे आणि मामांनी ते वाचलेलंय. एका शब्दानं बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, “कागद चांगला वापरलास.”

(आमच्या घराला ही सवय जुनी. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेडकडं टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. त्या दिवसांत कुणीतरी नामांतराच्या बाजूचं एक पत्रक छापायला वडिलांकडं आणलं होतं. वडिलांनी ट्रेडल मशीन बंद पडल्याचं सांगितलं. मशीन चांगलं चालू होतं. हे मला त्यांनी म्हातारपणी, काही कारण नसताना, जेवताना सांगितलं.)

तर मामांचं प्रूफ. मोबाईल साधा, त्यामुळं ते स्वतः दुकानात आले. खुर्चीत बसले, चष्मा लावला, कस्तुरीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग म्हणाले:

“बरं लिवलंस. पर ह्याच्यात गट नंबर न्हाई.”

मला आधी कळलंच नाही. मामा म्हणाले, जमिनीचा गट नंबर टाक, क्षेत्र टाक, एक हेक्टर एक आर. सन १९८६ पासून कसतो ते टाक. आणि चतुःसीमा टाक.

“मामा, मानपत्र हाय हे. सातबारा न्हाई.”

“तेच म्हंतो. सातबाऱ्यावर टाकीनात, तू तरी टाक.”

वकीलसाहेबांना फोन लावला. ते हसले, मग दुकानात आले. मामांना समजावलं की याला कोर्टात काडीची किंमत नाही, खासगी कागद आहे हा. मामा ऐकून घेतात सगळं. मग विचारलं, “पंचनाम्याला किती पंच लागत्यात?”

“दोन.”

“अन् त्या दिवशी हॉलात किती माणूस बसणार?”

वकीलसाहेब काही बोलले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, टाक.

मग मी ती फाईल बंद केली आणि कोरं पान उघडलं. मामांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. पूर्वेस ओढा. पश्चिमेस वनखात्याची हद्द. दक्षिणेस गाडीवाट. उत्तरेस त्यांच्या चुलतभावाचा कब्जा. धुऱ्यावरचं लिंबाचं झाड टाकू का विचारलं, तर म्हणाले, “टाक, पर दोन हायेत. एक वाळलंय, तेबी धर.”

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगतो, कारण कार्यक्रम असतो तसाच होता. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा. माईक शिट्टी मारणारा. नारळ, शाली, फेटे. पण एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपली. हॉल निम्मा रिकामा होता. डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. आमच्या तालुक्यातली निम्मी वस्ती दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीला, कर्नाटकात फडावर गेलेली असते. ज्यांच्या हक्काचा दिवस, तीच माणसं १० डिसेंबरला कधीच गावात नसतात. पॅरिसवाल्यांना हे कसं ठाऊक असणार. पण आयोजक तरी इथलेच होते, मीही इथलाच. पत्रिकेवर तारीख मीच टाकली.

ताईही फडावरच होत्या. त्यांच्या सासूबाईंनी शाल घेतली आणि वकीलसाहेबांनी फोन लावून माईकसमोर धरला. ताई म्हणाल्या, “दोनच मिनटं हायेत, गाडी भरायचीय, न्हाईतर खाडा धरत्यात.” खाडा म्हणजे एक दिवस चुकला की दंड. आजारी असो, पाळी असो, बाळंतीण असो. पुढं त्यांनी बावीस बायांची नावं पाठ म्हटली, मानपत्रात होती त्याच क्रमानं, आणि फोन ठेवला. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं.

वऱ्हाडी पोरगं मागच्या रांगेतून आलं, शाल घेऊन मागंच जाऊन बसलं.

मग मामा. सूत्रसंचालन करणारे सर कविता वगैरे म्हणणारे, आवाज गोड. त्यांनी मानपत्र आधी वाचलेलं नव्हतं, हे पहिल्या ओळीलाच कळलं. ‘मौजे’ म्हणून सुरुवात झाली तशी त्यांची लय अडखळली. गट नंबर आला. क्षेत्र आलं. ‘सन १९८६ पासून आजतागायत विनाखंड कब्जा वहिवाट’ आलं. मला वाटलं आता लोक हसणार. एक-दोघं हसलेही. मग ‘पूर्वेस ओढा’ म्हटल्यावर मधल्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, “बरोबर हाय!” सर थांबले. ‘पश्चिमेस वनखात्याची हद्द.’ आता तिघं-चौघं म्हणाले, बरोबर. मामांच्या गावची माणसं होती ती, जी म्हातारी म्हणून तोडीला गेली नव्हती. दक्षिण, उत्तर, दोन्ही लिंबं, प्रत्येक ओळीला हॉलातून बरोबर, बरोबर. सरांनाही मग जोर चढला. अकरा रुपयांच्या पावतीचा दिनांक त्यांनी दोनदा वाचला.

मामा स्टेजवर हात जोडून उभे होते. फेटा डोळ्यावर आला होता, पण सावरला नाही. दिशा वाचल्या जात होत्या तसं ते किंचित त्या त्या बाजूला वळत होते, जणू बांधावरच उभे आहेत. हॉलातल्या दिशा अर्थातच वेगळ्या होत्या. ओढ्याच्या जागी तिथं जनरेटर होता.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात या मानपत्राला ‘अनोखं’ म्हटलं. त्यांना ते आवडलं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार दिवसांनी मामा दुकानात आले, फ्रेम पिशवीत घालून. पाच झेरॉक्स पाहिजेत म्हणाले. एक वकीलसाहेबांना, एक तहसीलच्या अर्जाला, एक चुलतभावाला, दोन जवळ. काचेसकट झेरॉक्स निघत नाही, म्हणून मी मागचे खिळे उचकटले, पुठ्ठा काढला आणि मानपत्र बाहेर घेतलं. मामांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि काचेवर स्वतः ठेवलं, नेहमीसारखं.

झेरॉक्स झाल्यावर मी पुन्हा फ्रेम जुळवायला लागलो तर म्हणाले, राहू दे. मूळ कागदाची त्यांनी एकच घडी घातली, मधोमध, आणि युरियाच्या गोणीत अकरा रुपयांच्या पावतीवर ठेवला.

“अन् फ्रेमचं काय करू?”

“ठिव तुलाच. गोनीत बसंना ती.”

पंधरा रुपये झाले. पाच रुपये सुटे नव्हते तर गोळ्या देऊ का विचारलं, नको म्हणाले, पुढच्या खेपेला धर. पुढची खेप तारखेच्या आदल्या दिवशी असते हे आता मलाही पाठ झालंय.

फ्रेम महिनाभर काउंटरवर रिकामी होती. तिचे पैसे मी आयोजकांच्या बिलात आधीच धरले होते. परवा एका साहेबांच्या निवृत्तीचं मानपत्र निघालं, कस्तुरीवालं. त्याला ती बरोबर बसली.